ऊन बरोबर पडलं पाहिजे

जुईली वाशिमहून महाळुंग्याला आली ती एकनाथ दहिवाळांची जागा घ्यायला. तसं तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण पहिल्याच सकाळी ऑफिसात पाऊल टाकलं आणि तिला ते कळून चुकलं. १९९९ सालच्या जूनमधली गोष्ट. मनीष नावाच्या आर्किटेक्टनं आपल्या बंगल्याच्या पुढच्या दोन खोल्यांत ऑफिस थाटलं होतं. सगळीकडे भाताची खाचरं, पलीकडे बालेवाडीचं स्टेडियम आणि हिंजवडीला कंपन्या येणार म्हणून रस्ता रुंद करायचं चाललेलं काम. एका खोलीत नवाकोरा कॉम्प्युटर होता, त्यावरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. दुसऱ्या खोलीत, खिडकीला लागून, तिरक्या पाटावर वाकून पंचेचाळिशीचा एक सडपातळ माणूस पोस्टर कलरनं एका इमारतीचं चित्र रंगवत होता. तेच एकनाथ दहिवाळ.

ते मूळचे पैठणचे. नकाशावरच्या आडव्या-उभ्या रेघा वाचून, इमारत उभी राहिल्यावर ती रस्त्यावरून कशी दिसेल ते आधीच कागदावर उतरवायचं, हे काम ते वीस वर्षं करत आले होते. एका चित्राला नऊ दिवस लागायचे. कॉम्प्युटर तेच दोन दिवसांत करेल, असं मनीषनं कुठेतरी पाहिलं होतं, म्हणून जुईलीला घेतलं होतं. एकनाथरावांना काय सांगायचं आणि कसं सांगायचं हे त्याचं ठरत नव्हतं.

त्याच्यावर सांगायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी एकनाथराव आपलं स्टूल उचलून जुईलीच्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, “मला हे शिकव. मी मधे मधे बोलणार नाही.”

आपल्या वडिलांच्या वयाच्या माणसाला शिकवायचं म्हणून जुईली आधी संकोचली. माऊस त्यांच्या हातात बसता बसेना. इतकी वर्षं हात आणि रेघ एकाच जागी पाहायची सवय. इथे हात टेबलावर आणि रेघ समोर काचेत. पण त्यांनी दिलेला शब्द पाळला. मधे बोलत नसत, वहीत लिहून घेत आणि जेवणाच्या सुट्टीत पोळीभाजी एका हातानं खात दुसऱ्या हातानं तेच तेच पुन्हा करून बघत. महिन्याभरात भिंती, खिडक्या, जिने असं सगळं ते उभं करू लागले. तोवर जुईली त्यांना काका म्हणू लागली होती.

मग जुईलीचं पहिलं चित्र तयार झालं. तिनं अख्खी इमारत कॉम्प्युटरमध्ये बांधली, कॅमेरा लावला, दिवे लावले आणि रेंडरला टाकली. म्हणजे आता हे घनाकार जग एका सपाट चित्रात कसं दिसेल ते ठिपक्याठिपक्यानं काढायचं काम यंत्राचं. वरून खाली एकेक ओळ उमटत पाच तासांनी चित्र पुरं झालं. मापं चोख, रेघा सरळ, एकही चूक नाही. आणि तरी ते पाहून कोणाला काही वाटेना. मनीष बराच वेळ बघत राहिला आणि काहीतरी कमी आहे म्हणाला. काय, ते त्याला सांगता येईना. जुईलीला तर रडूच फुटायचं बाकी होतं. तिला त्या प्रोग्रॅममधली सगळी बटणं पाठ होती, त्यापलीकडे काय शिकायचं असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

सगळे गेल्यावर काकांनी तिला खिडकीपाशी बोलावलं. टेबलावर जाडजूड पुस्तकांची चळत रचली, तिला त्यावर हनुवटी टेकवायला लावली आणि एक डोळा मिटायला सांगितलं. हातात काचेवर लिहायचं काळं पेन दिलं. बाहेर जे दिसतंय ते काचेवर जिथे दिसतंय तिथेच गिरव, डोकं हलवू नको, एवढंच म्हणाले. तिनं विजेचे खांब गिरवले, रस्त्याच्या दोन कडा गिरवल्या, मागची टेकडी गिरवली. खांब काचेवर आखूड आखूड होत गेले, रस्त्याच्या कडा एकमेकींना जाऊन भिडल्या. मागे सरून तिनं पाहिलं तर काचेवर पुरतं चित्र तयार.

“तुझं यंत्र हेच करतं,” काका म्हणाले. “डोळा, मधे काच आणि पलीकडे जग. काचेवरच्या एकेका ठिपक्यातून ते बाहेर बघतं आणि विचारतं, इथून काय दिसतं. ते त्याला येतंच. पण दिसतं त्याच्यावर ऊन कुठून येतंय, कशावर आपटून येतंय, हे त्याला आपण सांगावं लागतं. तुझ्या चित्रात ऊन आहे, पण ते कुठूनच आलेलं नाही.”

दुसऱ्या दिवशी काकांनी तिच्याच चित्राला हात घातला. बाहेरच्या ओट्याला लाल फरशी होती आणि तिच्यावर पांढरी भिंत. खऱ्या जगात फरशीवर ऊन पडलं की भिंतीच्या खालच्या अंगाला गुलाबी झाक चढते. त्या काळचा तो प्रोग्रॅम ते आपणहून करत नसे. काकांनी ओट्याच्या बुडाशी दिसतील न दिसतील असे अकरा मंद तांबूस दिवे बसवले. छपराच्या पोटात आभाळाचा निळसर उजेड भरला. झाडंही बदलली. सीडीवर मिळायची ती झाडं परदेशी, सूचिपर्णी, महाळुंग्यात कोणी न पाहिलेली. काकांनी नदीकाठच्या उंबराचे आणि करंजाचे फोटो काढून आणले, कडा कापल्या आणि ती झाडं अंगणात उभी केली. संध्याकाळी चित्र पुरं झालं तेव्हा मनीषच्या आईनं आतून येऊन पाहिलं आणि हे घर कोणाचं म्हणून विचारलं. घर अजून बांधलेलंच नव्हतं. त्यानंतर एकनाथरावांना काढायचा विषय मनीषच्या डोक्यातून निघून गेला.

काकांचा डावा डोळा निकामी आहे हे जुईलीला कळायला आठ महिने गेले. तो डोळा किंचित पांढुरका होता, पण जाड चष्म्याआड लक्षात यायचं नाही. एकदा चहा ओतताना त्यांनी आधी किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवली, मग ओतला. तिला आठवलं, ते नेहमीच असं करतात. जिना उतरतानाही पहिल्या पायरीवर ते जरासे थबकतात. तिनं सरळ विचारलं. त्यांनी तितक्याच सरळपणे सांगितलं. वडील सोनार. काका सात वर्षांचे असताना दुकानात तेजाबाची बाटली फुटली आणि डोळा गेला. त्यानंतर कितीतरी दिवस ते दारांवर आदळायचे, पाण्याचा तांब्या हातातून निसटायचा, चेंडू झेलायला गेलं की तोंडावर बसायचा. एका डोळ्याला जग सपाट दिसतं. मग त्या पोरानं आपली आपणच वाट काढली. पुढची वस्तू मागचीला झाकते. लांबचं फिकट असतं. आणि सगळ्यात भरवशाची म्हणजे सावली. कुठली वस्तू कुठे टेकली आहे ते ती सांगते.

“दोन डोळेवाल्यांना हे फुकट मिळतं,” ते म्हणाले. “मला बघून बघून कमवावं लागलं. त्याचा एक फायदा झाला. चित्रात लोकांना काय लागतं ते मला आधीपासून ठाऊक होतं.”

त्यांनी हे पुन्हा कधी काढलं नाही. जुईलीनंही नाही. पण त्या दिवसापासून तिला त्यांचं काम निराळं दिसू लागलं. हा माणूस सावलीसाठी एवढा का भांडतो, गच्चीच्या कठड्याची सावली बोटभर चुकली तर चार तासांचं रेंडर टाकून देऊन पुन्हा का लावतो, हे तिला उमगलं. तेही कुठल्या दिवसांत, तर भारनियमनाच्या. दुपारी वीज गेली की अर्धं झालेलं चित्र वाया जायचं. काका कुरकुर न करता पुन्हा पहिल्या ओळीपासून लावायचे आणि वीज येईपर्यंत अंगणात बसून पेन्सिलीनं काहीबाही रेखाटायचे.

सहा-सात वर्षांत भोवतालचं सगळं पालटलं. हिंजवडीत कंपन्या भरल्या, मारुंजीत भाड्याच्या खोल्या आणि सोसायट्या उठू लागल्या. २००६ साली मनीषकडे मारुंजीचं एक मोठं काम आलं. नरहरीशेठ नावाच्या बिल्डरला तिथे दोन इमारती बांधायच्या होत्या, एक सात मजल्यांची आणि एक तीन मजल्यांची. जाहिरातीच्या पुस्तकासाठी चित्रं काका आणि जुईलीनं करायची होती. नरहरीशेठचं म्हणणं साधं होतं: सकाळचं कोवळं ऊन, मधे हिरवळ, हिरवळीवर खेळणारी मुलं.

काका जागा पाहिल्याशिवाय चित्राला हात लावत नसत. डिसेंबरातल्या एका सकाळी दोघं मारुंजीला गेली. प्लॉटच्या वायव्येला, तारेच्या कुंपणाला लागून एक घर होतं. पुढे सारवलेलं मोठं अंगण आणि अंगणात वीसेक मेंढरं. सावळा नावाच्या मेंढक्याचं ते घर. तो बाकीची मेंढरं घेऊन रानात गेला होता. घरी त्याची बायको अंबाबाई होती, साठीला आलेली, हाडापेरानं मजबूत. दोन-चार दिवसांची कोकरं तिनं उन्हात पोत्यावर ओळीनं बसवली होती. हे काय मोजताय म्हणून तिनं विचारलं. काकांनी हातातला आराखडा दाखवला आणि इथे इमारत होणार, तिचं चित्र काढायचं आहे, असं सांगितलं. अंबाबाईनं कागद उलटसुलट करून पाहिला.

“ह्याच्यात माझं घर कुटं हाय?” तिनं विचारलं.

ते नव्हतंच. आराखडा कुंपणापाशी संपत होता. परत येऊन काकांनी पहिलं काम केलं ते अंबाबाईचं घर चित्रात घालायचं. कौलं, अंगण, पोतंसुद्धा. मग मारुंजीचे अक्षांश-रेखांश, डिसेंबरची तारीख आणि सकाळचे नऊ असं सगळं भरून त्यांनी सूर्य जिथे असतो तिथे ठेवला आणि रेंडर लावलं. चित्र उतरत उतरत अंगणापर्यंत आलं आणि जुईली खुर्चीत पुढे सरकली. अंगण काळं होतं. सात मजल्यांची सावली कुंपण ओलांडून सबंध अंगणावर आणि अर्ध्या कौलांवर पसरली होती. काकांनी दहाचं चित्र लावलं, मग अकराचं. हिवाळ्यात त्या अंगणात साडेअकराच्या आधी ऊन येणार नव्हतं.

नरहरीशेठनं ते चित्र पाहिलं आणि घर काढून टाकायला सांगितलं. ती जागा आपली नाही, तिथे चित्रात झाडं लावा म्हणाला. सावलीचं काय, असं काकांनी विचारलं तर सूर्य दुसरीकडे ठेवा म्हणाला. हे तर कॉम्प्युटरवरचं काम, सूर्य कुठेही ठेवता येतो. मनीष टेबलावरचे कागद गोळा करू लागला. काम मोठं होतं.

काका त्या दुपारी छापलेलं चित्र गुंडाळून एकटेच मारुंजीला गेले. पुढचं जुईलीला नंतर त्यांच्याकडून कळलं. अंबाबाईनं आपलं घर लगेच ओळखलं, पोतंही ओळखलं. मग अंगणावर बोट ठेवून हे काळं काय म्हणून विचारलं. काकांनी सांगितलं.

“मास्तर, आमची मेंढरं ह्याच दिसांत व्यातात,” ती म्हणाली. “उन्हाबिगर कोकरू उभं ऱ्हात न्हाई. तुमी ह्ये आधी सांगितलंत त्ये बरं केलंत. बांधून झाल्यावर कळलं असतं तर कुणाला बोलणार हुते मी?”

दुसऱ्या दिवशी काकांनी मनीषला सांगितलं की खोटं ऊन घातलेलं चित्र आपण करणार नाही. वाटल्यास दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावं. आवाज चढवला नाही, दारही आपटलं नाही. जाऊन आपल्या जागेवर बसले. जुईलीला वाटलं, हे असं नुसतं नाही म्हणून चालणार नाही. ती पुन्हा ते मॉडेल उघडून बसली आणि पाहता पाहता तिच्या ध्यानात आलं की दोन इमारतींमधली ती हिरवळ, जिच्यावर मुलं खेळायची होती, तीसुद्धा सात मजली इमारतीच्या उत्तरेला आहे. तिथेही तीच सावली. तिनं काकांना दाखवलं. मग दोघांनी मिळून तीन दिवस खपून सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर दहा मिनिटांचं एक लहानसं, नुसत्या सावल्यांचं चित्र काढलं आणि ती सगळी एकापाठोपाठ एक लावली. पडद्यावर सबंध दिवस अर्ध्या मिनिटात सरकू लागला. सावली हिरवळीवरून, कुंपणावरून, अंगणावरून हळूहळू मागे हटायची आणि ती हटेपर्यंत जवळजवळ दुपार व्हायची.

मनीषनं ते पाहिलं आणि स्वतः नरहरीशेठकडे घेऊन गेला. अंबाबाईच्या अंगणाचं नरहरीशेठला सोयरसुतक नव्हतं. पण आपली बाग हिवाळाभर अंधारी आणि ओली राहणार, घर घेणारे लोक डिसेंबरात बघायला आले तर कुडकुडणार, हे त्याच्या डोळ्यांना दिसलं. त्यानं तीनदा ते पुन्हा लावायला सांगितलं. शेवटी मनीषनं दोन्ही इमारतींची अदलाबदल केली. तीन मजली इमारत अंबाबाईच्या बाजूला आली, सात मजली उत्तरेला रस्त्याकडे गेली, म्हणजे तिची सावली रस्त्यावर पडणार होती. आराखडे नव्यानं काढायला पंधरा दिवस लागले. जाहिरातीच्या पुस्तकात सूर्य जिथे असतो तिथेच राहिला. नरहरीशेठनं पुढची कामं मात्र दुसऱ्या ऑफिसला दिली. माणूस फार ताठ आहे, असं तो काकांबद्दल म्हणाल्याचं कानावर आलं. काकांनी ते ऐकलं आणि समोरच्या चित्रातला एक खांब जरा डावीकडे सरकवला.

इमारती उभ्या राहिल्यावर २००८च्या डिसेंबरात दोघं पुन्हा मारुंजीला गेली. सकाळचे नऊ वाजले होते. अंबाबाईच्या अंगणात ऊन होतं आणि उन्हात कोकरं होती. काकांनी सोबत आणलेलं चित्र उघडून सावलीची कड पडताळली. ती चित्रातल्यापेक्षा हातभर पुढे आली होती. ते अस्वस्थ झाले. तीन मजली इमारतीच्या गच्चीकडे पाहत दोनदा चालून आले, तेव्हा कठडा ठरल्यापेक्षा उंच बांधल्याचं त्यांना दिसलं. मग त्यांचा जीव भांड्यात पडला. अंबाबाईनं दोघांना कोरा चहा दिला, दूध कोकरांना लागतं म्हणून. सावळाही त्या दिवशी घरी होता. त्यानं काकांना एक घोंगडी दिली आणि ती नको म्हणायची सोय ठेवली नाही.

पुढच्या वर्षी जुईलीच्या एक गोष्ट लक्षात येऊ लागली. काकांची चित्रं निळी पडत होती. आधी थोडी, मग जास्त. पांढऱ्या भिंती बर्फासारख्या, ऊन चांदण्यासारखं. तिला वाटलं, पडदा बिघडलाय. तो बदलून पाहिला, तरी तेच. मग काका छापील कागद खिडकीपाशी नेऊन डोळ्याजवळ धरताना तिला दिसले आणि ती समजली. त्यांच्या चांगल्या डोळ्यात मोतीबिंदू होत होता. त्यामुळे त्यांना सगळं पिवळट दिसत होतं आणि तो पिवळेपणा घालवायला ते नकळत निळा रंग वाढवत होते.

तिनं त्यांना दवाखान्यात चला म्हणून दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला. त्यांना एकच डोळा होता. ऑपरेशन फसलं तर काय, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. ती त्यांचं काम संपलं की त्यांची चित्रं उघडायची, जादा निळा काढायची आणि मगच मनीषकडे पाठवायची. असं तिनं तेरा महिने केलं. मनीषलाही कळू दिलं नाही.

२०१०च्या जुलैत काका एका दुपारी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून घसरले. लागलं फारसं नाही, पण उठून बसल्यावर ते म्हणाले, “पायरी दिसलीच नाही गं.” मग त्यांनी स्वतःच जायचं ठरवलं. ऑपरेशनच्या दिवशी जुईली बाहेर बाकावर बसून होती. डोळ्यावरची पट्टी सुटली तेव्हा काकांनी आधी डॉक्टरांचा कोट पाहिला, मग भिंत, मग जुईलीचा दुपट्टा, आणि तो कुठल्या हिरव्या रंगाचा आहे ते अगदी नेमकं सांगितलं.

तीन आठवड्यांनी ते ऑफिसात आले. बसल्या बसल्या त्यांनी मागच्या वर्षाच्या आपल्या फाइली उघडल्या. आपण केलेलं आणि ऑफिसातून बाहेर गेलेलं, अशी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली. एक झालं, दुसरं झालं, दहावं झालं. जुईली पाठमोरी बसून काम करत असल्याचं दाखवत होती.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“मागच्या वर्षीच्या जूनपासून.”

त्यांनी आणखी एक फाइल उघडली. जुईलीला वाटलं, आपण न विचारता त्यांच्या कामात हात घातला, याचा त्यांना राग आला असणार. मग त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

“उन्हातला निळा काढलास, पण सावल्यांमधला ठेवलास,” ते म्हणाले. “सावलीत आभाळ असतं, म्हणून ठेवलास ना? बरोबर केलंस. मी असतो तरी एवढंच केलं असतं.”

आणि त्यांनी नवीन कामाचा आराखडा टेबलावर पसरला. कोळवणकडच्या एका शाळेची इमारत होती. उत्तर दिशा कुठल्या बाजूला येते, ते त्यांनी आधी विचारलं.